सर्जिकल आयसीयू कुठून आला? (ठाणे-नवी मुंबईकरांनी आठवणी जरूर लिहाव्यात)

कोपरखैरण्याची सिस्टर

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या सर्जिकल आयसीयूत, म्हणजे ऑपरेशन झालेल्या गंभीर पेशंटांच्या अतिदक्षता विभागात, मी बरीच वर्षं नर्स आहे. नव्या मुली ड्यूटीवर येतात तेव्हा त्यांना सिरिंज पंप कसा लावायचा, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) कशी सांभाळायची, ड्रेनचा (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीचा) हिशेब कसा ठेवायचा हे सगळं शिकवलं जातं. पण ही खोली मुळात का उभी राहिली, हे त्यांना कुणी सांगत नाही. नातेवाइकांना तर वाटतं, आयसीयू म्हणजे मशीनं. माझं म्हणणं असं की आधी माणूस पेशंटजवळ बसला, मशीनं मागाहून आली. इतिहास बघितला की हे स्पष्ट दिसतं, म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवात क्रिमियन युद्धापासून करतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. जास्त गंभीर जखमींना परिचारिकांच्या जागेजवळ ठेवायचं, ही पद्धत तिच्या नावावर सांगितली जाते. पुढे १८६३ मध्ये तिने लिहून ठेवलंय, की लहान गावांतल्या काही रुग्णालयांत ऑपरेशनच्या खोलीला लागून एक छोटी खोली असते आणि पेशंट सावरेपर्यंत त्याला तिथेच ठेवतात. ईथरची भूल देऊन केलेलं जाहीर ऑपरेशन बोस्टनमध्ये १८४६ साली झालं. म्हणजे वीस वर्षांच्या आतच लोकांना कळून चुकलं होतं की टाके घातले म्हणून धोका संपत नाही.

मग १९२० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी या मेंदूच्या सर्जनने आपल्या ऑपरेशन झालेल्या पेशंटांसाठी ३ खाटा वेगळ्या काढल्या आणि तिथे खास तयार केलेल्या नर्स नेमल्या. फक्त ३ खाटा! मेंदूच्या ऑपरेशननंतर पेशंट सुस्त झाला, डोळ्याची एक बाहुली मोठी झाली, तर ते पहिल्या काही मिनिटांत दिसायला हवं. तास उलटून गेल्यावर दिसून उपयोग नाही. त्या काळी ते दिसायला डोळे आणि टॉर्च यांखेरीज काय होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत तेव्हा नर्सचा तुटवडा होता. ऑपरेशन झालेले पेशंट वेगवेगळ्या वॉर्डांत विखुरलेले, त्यामुळे रात्री प्रत्येकाकडे बघायला माणूस पुरत नसे. म्हणून त्यांना एका खोलीत आणलं, आणि रिकव्हरी रूमचा प्रसार असा झाला. १९४७ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांच्या एका समितीने ११ वर्षांतले ऑपरेशननंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू तपासले. जवळपास निम्मे टाळता आले असते असा निष्कर्ष निघाला. जीभ मागे पडून श्वास अडकणं, उलटी फुप्फुसात जाणं, आतल्या आत रक्त जाणं अशी ही कारणं आहेत. जवळ बसलेल्या नर्सला कळतील अशी.

कोपनहेगनच्या १९५२ च्या पोलिओ साथीबद्दल मी मुद्दाम लिहिलेलं नाही. इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर त्यांनीच लिहावं, तो त्यांचा मान आहे.

नौपाडकर

सिस्टर, धागा फार आवडला. आमच्या तरुणपणी ठाण्यात पोटाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की घरचे आधी मुंबईत परळच्या किंवा शीवच्या मोठ्या रुग्णालयात ओळख शोधायचे. ज्यांचं इथल्या नर्सिंग होममध्ये व्हायचं, त्यांना ऑपरेशननंतर थेट खोलीतच आणत. रात्रभर जागणारा नातेवाईक हाच काय तो पहारा. माझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "लघवीची पिशवी बघत राहा, भरली नाही तर मला उठव." पहाटेपर्यंत पिशवी तेवढीच राहिली, म्हणून मी त्यांना उठवलं. मग टॅक्सीतून मुलुंड चेकनाका ओलांडून शीव. वडील वाचले. लघवी का महत्त्वाची हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कुणी सांगेल का?

ठाण्याचा भूलतज्ज्ञ

नौपाडकर काका, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर गोष्टीवर बोट ठेवलं होतं. शरीरात रक्त किंवा पाणी कमी पडलं की शरीर मेंदू आणि हृदयाचा पुरवठा राखतं आणि मूत्रपिंडाचा आधी कापतं. त्यामुळे बीपी ठीक दिसत असतानाच लघवी कमी होते. मोठ्या माणसात ताशी, वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलिलिटर हा आजही आमचा ढोबळ निकष आहे. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर. तुम्ही रात्रभर जे केलंत ते आयसीयूचंच काम होतं.

आता कोपनहेगन. सिस्टरांनी मान दिलाय तर नीट लिहितो.

१९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयाकडे १ आयर्न लंग (रुग्णाला आत ठेवून श्वास देणारी मोठी पेटी) आणि छातीवर बसवायची ६ यंत्रं, एवढंच होतं. श्वास आणि गिळणं दोन्ही गेलेले ३१ रुग्ण पहिल्या तीन आठवड्यांत आले, त्यातले २७ गेले. तिथले प्रमुख लॅसेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट हा क्षार वाढलेला दिसत होतं आणि त्याचा अर्थ सगळे भलताच लावत होते. इब्सेनने ओळखलं की हे कार्बन डायऑक्साइड साठल्याचं लक्षण आहे, म्हणजे श्वास पुरत नाहीये.

२७ ऑगस्ट १९५२ ला एका १२ वर्षांच्या मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि इब्सेनने रबरी पिशवी दाबून तिला हाताने श्वास दिला. ऑपरेशन थिएटरात आम्ही रोज करतो तेच, फक्त थिएटरच्या बाहेर. मुलगी वाचली. पण एवढ्या रुग्णांच्या पिशव्या दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशी बसून, महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. एका वेळी ७० रुग्णांपर्यंत. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास आलं आणि पुढे आणखी घसरलं.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेनने कोपनहेगनच्या कम्युन हॉस्पिटलात कायमचा विभाग उघडला. आता सिस्टर, हे तुमच्यासाठी: ती जागा म्हणजे शिकाऊ नर्सेसचा वर्ग होता. त्याच वर्गात खाटा लावून जगातला पहिला आयसीयू झाला असं मानतात. १९५८ मध्ये बाल्टिमोरला पीटर साफार यांनी असाच विभाग सुरू केला आणि तिथे २४ तास डॉक्टर हजर ठेवला. भूलतज्ज्ञ थिएटरातून बाहेर पडून वॉर्डात आला, तो असा.

यंत्रवाला

मी वैद्यकीय उपकरणांची देखभाल करतो, महापे-तुर्भे पट्ट्यातल्या बऱ्याच रुग्णालयांत जातो. सिस्टरांबद्दल पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. माणूस जवळ बसला हे खरं, पण माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहे. रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यावर ओठ-नखं निळी पडतात, पण ती निळी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पेशंट सावळा असेल, त्यात रक्तही कमी असेल, तर ते दिसणं आणखी कठीण. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं: नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाशाचा भाग तेवढा वेगळा काढायचा, म्हणजे फक्त धमनीतलं रक्त मोजलं जातं. ऐंशीच्या दशकात ते थिएटरात आणि आयसीयूत सगळीकडे पोचलं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. नेमकं त्याच वर्षी ठाण्यातल्या घराघरांत लोक बोटाला त्यांचं यंत्र लावून बसले होते.

अलार्म वाजला म्हणून किती पेशंट वाचले, त्याची गणतीच नाही. मशीनला दुय्यम म्हणू नका एवढीच विनंती.

कोपरखैरण्याची सिस्टर

यंत्रवाला, दुय्यम म्हणत नाही. ऑक्सिमीटर माझ्या हातून काढून घेतला तर मी ड्यूटी करायला तयार होणार नाही. पण अलार्म वाजल्यावर उठून जाणारं कुणी हवं. प्रोब बोटावरून सरकलाय की पेशंट खरंच घसरतोय, हे बघणारं कुणी हवं. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या २ लाख ३२ हजारांहून जास्त शस्त्रक्रियेच्या पेशंटांचा अभ्यास छापला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास फक्त आयसीयूचा नव्हता, वॉर्डांसकट होता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स, हा निकष काही आमच्या सोयीसाठी नाही. खर्च कमी करताना पहिली कात्री इथेच लागते, याचा मला मनापासून राग येतो.

ऐरोलीची अनघा

इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, पण या धाग्यावर राहवलं नाही. बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस छान होते, बोलत होते, पाचव्या दिवशी अचानक श्वास लागला आणि सर्जिकल आयसीयूत हलवलं. मग मूत्रपिंड, मग बीपीची औषधं. ऑपरेशन पोटाचं, मग फुप्फुस आणि मूत्रपिंड का बिघडलं, हे अजून नीट कळलेलं नाही. शिवाय सर्जिकल आणि मेडिकल असे वेगळे आयसीयू कशासाठी? बाबा आता घरी आहेत, जिने चढतात.

ठाण्याचा भूलतज्ज्ञ

अनघाताई, बाबा घरी आहेत हे वाचून बरं वाटलं. त्यांचे कागद न बघता त्यांच्याबद्दल बोलणार नाही, पण सर्वसाधारण चित्र सांगतो. आतड्याचा जोड गळत असेल तर तो बहुधा पहिल्याच दिवशी कळत नाही, पाच-सात दिवसांनी कळतो. पोटात जंतुसंसर्ग झाला की त्याला तोंड देणारी शरीराची प्रतिक्रिया रक्तातून सगळीकडे पसरते. बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, फुप्फुसात पाणी उतरतं, बीपी पडतं.

हे समजायलाही युद्धंच कारण झाली. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी सैनिक शॉकनेच, म्हणजे बीपी पडून रक्तपुरवठा कोसळल्यानेच, जायचे. रक्त चढवणं आणि लवकर ऑपरेशन सुधारलं, तेव्हा कोरियात ते शॉकमधून वाचले आणि मूत्रपिंड बंद पडून जाऊ लागले. डायलिसिस युद्धभूमीजवळ न्यावं लागलं. व्हिएतनाममध्ये मूत्रपिंड राखता आलं, तर फुप्फुसं जाऊ लागली. सैनिकी डॉक्टर त्याला 'दा नांग लंग' म्हणत. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ आणि सहकाऱ्यांनी असे १२ रुग्ण वर्णन केले. आज आम्ही त्याला एआरडीएस म्हणतो. १९७५ मध्ये आर्थर बाउ या सर्जनने एकामागून एक अवयव निकामी होण्याबद्दल लिहिलं आणि त्याला सत्तरच्या दशकाचा आजार म्हटलं. त्याआधी असे रुग्ण तेवढे दिवस जगतच नव्हते. सर्जिकल आयसीयूने त्यांना जगवलं, म्हणून हा आजार दिसला.

वेगळा का, तर आमच्याकडे मुख्य प्रश्न सहसा जखमेचा असतो: रक्त जातंय का, जोड धरलाय का, पुन्हा थिएटरात न्यायचं का. औषध कितीही चांगलं द्या, पोटातला पू निघाला नाही तर उपयोग नाही. म्हणून सर्जन आणि आयसीयूचा डॉक्टर दोघांनी रोज एका खाटेशी उभं राहून ठरवावं लागतं. त्यात मतभेद होतात. सर्जन म्हणतो पोट मऊ आहे, थांबू. आयसीयूचा डॉक्टर म्हणतो लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडत असल्याची रक्तातली खूण) वाढतंय, सीटी करू. या वादातून पेशंटचं भलं होतं. मात्र नातेवाइकांना दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगितली पाहिजे. ते बऱ्याच ठिकाणी होत नाही, आणि हे बदललं पाहिजे.

घणसोलीकर

कारखान्यात सेफ्टीला असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर भाजल्याची केस झाली की आमच्या डोळ्यांसमोर ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर येतं. भाजलेल्या पेशंटचाही या इतिहासात वाटा आहे का?

ठाण्याचा भूलतज्ज्ञ

आहे, आणि मोठा आहे. २८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने भाजलेल्यांना एका मजल्यावर एकत्र ठेवून उपचार केले. सलाइन किती द्यायचं, धुरामुळे फुप्फुसाला काय होतं, यातलं बरंच ज्ञान तिथून आलं. इब्सेननेही काही वर्षांनी भूलशास्त्राचं शिक्षण त्याच रुग्णालयात घेतलं.

कळवा_इंटर्न

मी कळव्याला इंटर्न आहे. सरांनी आयसीयू पोस्टिंगमध्ये साखरेची गोष्ट सांगितली होती, ती इथे द्यावीशी वाटते. २००१ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेनमधल्या सर्जिकल आयसीयूत १,५४८ पेशंटांवर अभ्यास झाला. इन्सुलिन देऊन साखर ८० ते ११० च्या मध्ये घट्ट धरली, तर आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर सगळ्यांनी तसं करायला सुरुवात केली. मग २००९ मध्ये ६,१०४ पेशंटांचा नाइस-शुगर अभ्यास आला आणि उलटं निघालं. घट्ट साखरवाल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २४.९. साखर खूप खाली जाण्याचे प्रसंगही घट्टवाल्यांतच जास्त. आता १८० च्या वर गेली की इन्सुलिन सुरू, आणि घाईने खाली आणायची नाही.

हृदयात घालायच्या स्वॅन-गँझ कॅथेटरचंही (आतला दाब मोजणाऱ्या नळीचंही) तेच. १९७० मध्ये तो आला, पुढे सर्जिकल आयसीयूत तो सर्रास घातला जायचा. २००३ मध्ये जास्त धोक्याच्या १,९९४ शस्त्रक्रिया रुग्णांवरचा कॅनडाचा अभ्यास आला, मृत्युदरात काहीच फरक नाही. मला या शाखेतलं हेच सगळ्यात आवडतं. स्वतःची लाडकी पद्धत तपासायची आणि टिकली नाही तर सोडायची.

कोपरखैरण्याची सिस्टर

शाब्बास इंटर्न! हे नव्या मुलींना वाचून दाखवणार आहे. दर तासाला ग्लुकोमीटरने बोट टोचायचे ते दिवस मला चांगले आठवतात.

यात आणखी एक जोडते. जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जिकल आयसीयूत २००१ च्या सुमारास पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना पाळायच्या ५ गोष्टींची यादी केली. हात धुवा, क्लोरहेक्सिडिनने त्वचा साफ करा, टोपी-मास्क-गाउन घालून पेशंटवर पूर्ण चादर पसरा, जांघेतली जागा टाळा, गरज संपली की लाइन काढा. यात नवं काहीच नव्हतं. नवं एवढंच होतं की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं आणि व्यवस्थापनाने नर्सच्या पाठीशी उभं राहायचं. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी ही यादी घेतली आणि लाइनमुळे होणारे रक्तातले संसर्ग काही महिन्यांत कमालीचे उतरले. २००६ मध्ये ते छापून आलं. "सर, गाउन," हे दोन शब्द मोठ्या सर्जनला म्हणायला नव्या मुलीला किती धीर लागतो, ते मला माहीत आहे. मी त्यांच्या शेजारी उभी राहते.

नौपाडकर

आपल्याकडचं काही? सगळं बोस्टन आणि कोपनहेगन झालं.

ठाण्याचा भूलतज्ज्ञ

काका, रास्त आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला, पण अशा शस्त्रक्रियांसाठी पुढची रात्र सांभाळणारी माणसं परळला त्या काळात तयार होत होती. भायखळ्याला जे. जे. मध्ये डॉ. फरोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या गंभीर रुग्णांवर जे काम केलं, त्यातून दिसलं की नीट अतिदक्षता मिळाली तर झटके येणारा पेशंटही वाचतो. धनुर्वात म्हणजे आपल्या गावखेड्यातला, शेतातल्या जखमेचा आजार. त्याने आपल्याकडच्या डॉक्टरांना व्हेंटिलेटर शिकवला, असं मी म्हणेन. १९९३ मध्ये मुंबईत क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

आणि २०२० मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविडसाठी जे उभं राहिलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथे खाटा आणि ऑक्सिजन जमवता आले. आयसीयूचं प्रशिक्षण घेतलेली नर्स मात्र एका महिन्यात तयार होत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

ऐरोलीची अनघा

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, सिस्टर. आमच्यावर वेळ आली तेव्हा भेटीच्या दहा मिनिटांत मी नुसतं "कसे आहेत?" विचारायचे आणि "क्रिटिकल आहेत" एवढंच उत्तर मिळायचं. दुसऱ्या कुणावर वेळ आली तर त्याने काय विचारावं?

कोपरखैरण्याची सिस्टर

अनघा, कालच्यापेक्षा आज काय बदललं, ते विचारायचं. बीपीचं औषध, म्हणजे नॉरअड्रेनलिन, काल ज्या वेगाने चालू होतं त्यापेक्षा आज वाढवलंय की उतरवलंय? व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे आणि काल किती होता? २४ तासांत लघवी किती झाली? झोपेचं औषध थांबवून बघितलं का, डोळे उघडले का, सांगितल्यावर हात दाबला का? ड्रेनमधून काय येतंय, रंग बदललाय का? पुन्हा ऑपरेशन लागेल असं सर्जनना वाटतंय का, आणि ते राउंडला कधी येतात? या प्रश्नांची उत्तरं चार्टवर असतात, ती द्यायला आम्हाला वेळ लागत नाही. रोज घरचा एकच माणूस बोलायला आला तर त्याला फरक लगेच समजतो, म्हणून तसं ठरवून टाका.

आणि पेशंटशी बोला. श्वासाची ट्यूब असली तरी ऐकू येऊ शकतं. वार कुठला, घरी कोण आलंय, पाऊस पडतोय का, काहीही सांगा. चष्मा आणि कानाचं मशीन घरून घेऊन या. ते नसलं की म्हातारी माणसं गोंधळतात, रात्री नळ्या ओढतात. आमच्याकडे तरी ते आणायला कुणी मना करत नाही. इतर ठिकाणी इनचार्ज सिस्टरना विचारून बघा.